गॅस्ट्रो होऊन गेल्यावर आतडं खरंच ‘गळकं’ राहतं का?

तुम्ही विचारलंय की महिन्यापूर्वी गॅस्ट्रो झाला, अजून दूध प्यायलं की पोट फुगतं, आणि कोणीतरी ‘लीकी गट’ (गळकं आतडं) म्हणून झोन्युलिनची (पेशींमधले जोड सैल करणाऱ्या प्रथिनाची) चाचणी नि महागड्या पावडरी सुचवल्यात. मी मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझं मत: पैसे वाचवा.

संसर्गात आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून पदार्थ आरपार जाऊ देण्याचं प्रमाण, वाढते, हे मात्र खरं. अस्तरात पेशींचा एकच थर असतो आणि त्या क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. रोटाव्हायरस या पेशीच मारतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचं विष पेशीच्या आतला सांगाडा ढासळवतं, मग जोड सैल पडतात. भरीला आपलीच प्रतिकारशक्ती टीएनएफसारखी रसायनं सोडते, त्यांनीही फटी वाढतात. कॉलरात उलट: पाण्यासारखे प्रचंड जुलाब, पण अस्तर बव्हंशी शाबूत, कारण ते विष पेशींना क्लोराइड आणि त्यामागोमाग पाणी बाहेर टाकायला लावतं. तेव्हा जुलाब किती झाले यावरून आतडं किती गळतंय हे कळत नाही.

ते मोजायला संशोधक लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल पाजून काही तास लघवी गोळा करतात. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो एरवीही आत जातो. मोठं लॅक्टुलोज त्याच्या तुलनेत लघवीत जास्त उतरलं तर फटी वाढल्यात. झोन्युलिनची बाजारातली काही किट तर भलतीच प्रथिनं मोजतात, असं तपासात निघालंय!

अस्तराच्या पेशी 3 ते 5 दिवसांत नव्या येतात, त्यामुळे बहुतेकांचं आतडं आपोआप सावरतं. सगळ्यांचं नाही. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये नळाच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू शिरले; सुमारे 2300 लोक आजारी पडले, 7 दगावले. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर आजारी पडलेल्यांत आयबीएस (पोटदुखी नि शौचाच्या तक्रारींचा रेंगाळणारा आजार) कितीतरी जास्त होता, आणि आयबीएसवाल्यांची पारगम्यता इतरांपेक्षा वाढलेली. थोडीशीच, बरं का. फटींमुळे आयबीएस झाला की दोन्ही एकाच सुजेमुळे, हेही त्यातून ठरत नाही.

तुमच्या दुधाचं कारण बहुधा साधं आहे: दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) याच अस्तरावर असतं आणि गॅस्ट्रोनंतर काही आठवडे कमी पडतं. तोवर दूध कमी करा, दही-ताक चालेल. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर मात्र पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.