साठा शून्य, तरी पानावर ‘उपलब्ध’

प्रश्न : आमच्या चपलांची यादी एक्सएमएल फाइलमध्ये (प्रत्येक माहिती नाव दिलेल्या खुणांच्या आत) आहे आणि वेबपान एक्सएसएलटी स्टाइलशीटमधून, म्हणजे एक्सएमएलचं पान कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमधून, तयार होतं. ‘एक्सएसएल:इफ’च्या टेस्टमध्ये ‘साठा’ लिहिलं आहे, तरी साठा शून्य असलेली कापशी चप्पलसुद्धा ‘उपलब्ध’ दिसते. अट खोटी ठरली तर काय करायचं ते सांगणारा ‘एल्स’ कुठे लिहायचा तेही सापडत नाही.
— वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टेस्टमध्ये नुसतं ‘साठा’ लिहिलं की त्या नावाचा घटक आहे का, एवढंच तपासलं जातं. आत शून्य असो की काहीच नसो, घटक आहे म्हणजे अट खरी. आकडा तपासायचा तर तुलना हवी: साठा > 0.

इफला एल्स नाहीच. त्यासाठी ‘चूज’ वापरा. त्यात हवे तितके ‘व्हेन’ आणि शेवटी एक ‘अदरवाइज’. वरून पहिला खरा ठरलेला व्हेन चालतो, खालचे पाहिलेच जात नाहीत. म्हणून ‘साठा > 0’ वर आणि ‘साठा > 5’ खाली ठेवलं, तर दुसऱ्याची पाळी कधीच येणार नाही.

आता खरी मेख. दुकानातल्या माणसाने साठा ‘१२’ असा देवनागरीत भरला किंवा ‘1,200’ असा स्वल्पविराम देऊन, तर एक्सएसएलटीला तो आकडा कळत नाही. त्याचा ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) होतो आणि मोठा, लहान, बरोबर यातली प्रत्येक तुलना खोटी ठरते. माल असून पान ‘संपला’ म्हणतं. म्हणून चूजच्या आधी आकडा साफ करून घ्या (छापताना नावं देवनागरीत दिली आहेत, एक्सएसएलटीचे शब्द फाइलमध्ये इंग्रजीतच लिहा):

<एक्सएसएल:व्हेरिएबल नेम="जोड" सिलेक्ट="नंबर(ट्रान्सलेट(साठा, '०१२३४५६७८९,', '0123456789'))"/>

ट्रान्सलेट पहिल्या यादीतल्या अक्षराऐवजी दुसरीतलं त्याच जागचं अक्षर ठेवतं. पहिल्या यादीत शेवटी स्वल्पविराम आहे, दुसरीत त्याला जोडीदार नाही; त्यामुळे तो गळून पडतो. मग या क्रमाने लिहा: $जोड > 5 असेल तर ‘उपलब्ध’, $जोड > 0 असेल तर ‘थोडेच जोड शिल्लक’, $जोड = 0 असेल तर ‘संपला’. अदरवाइजमध्ये ‘साठ्यासाठी फोन करा’. साठा रिकामा किंवा चुकीचा भरला असेल तर गिऱ्हाइकाला खोटी माहिती जाऊ नये, म्हणून अदरवाइज त्याच्यासाठीच राखून ठेवा. या क्रमात ‘पेक्षा लहान’ चिन्हही लागत नाही. ते टेस्टमध्ये थेट लिहिलं की फाइल वाचलीच जात नाही. अँपरसँड, एल, टी, अर्धविराम असं लिहावं लागतं.

प्रश्न : पावसाळी सवलतीचा भाग तात्पुरता बंद ठेवायला टिप्पणीत टाकला, तर सगळी स्टाइलशीट मोडली. आणि एरवी लिहिलेल्या टिप्पण्या तयार पानात का येत नाहीत?
— वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : त्या भागात आधीच एखादी टिप्पणी असणार. एक्सएमएलमध्ये टिप्पणीच्या पोटात टिप्पणी चालत नाही आणि टिप्पणीच्या मजकुरात लागोपाठ दोन आडव्या रेघाही चालत नाहीत. सजावटीसाठी ओढलेली रेघांची ओळसुद्धा फाइल मोडते. टेम्प्लेटच्या आतला भाग बंद करायचा तर त्याला इफमध्ये गुंडाळा आणि टेस्टमध्ये फॉल्स() द्या. कंस विसरू नका. कंसाशिवाय ‘फॉल्स’ नावाचा घटक शोधला जातो, आणि अवतरणचिन्हांत ‘फॉल्स’ दिलं तर तो रिकामा नसलेला मजकूर म्हणून अट खरी ठरते.

स्टाइलशीटमधली साधी टिप्पणी लिहिणाऱ्यासाठी असते, ती पानात उतरत नाही. पानात हवी असेल तर ‘एक्सएसएल:कॉमेंट’ वापरा.

हे सगळं एक्सएसएलटीच्या १९९९च्या १.० आवृत्तीत चालतं, आणि ब्राउझरना तेवढीच कळते. क्रोमने मात्र २०२५ मध्ये एक्सएसएलटी काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं आहे. त्यामुळे हे काम ब्राउझरवर सोडू नका. एक्सएसएलटीप्रॉकसारख्या साधनाने एचटीएमएल आधीच तयार करा आणि तेच सर्व्हरवर चढवा.