न सांगता भाजीत कालवायचं औषध

नागपुरात समुपदेशनाला बसले की एक मागणी हमखास येते. बायको येते, आई येते, कधी लग्नाची बहीण येते. इकडेतिकडे बघून हळूच विचारतात, "मॅडम, त्याला न सांगता भाजीत टाकता येईल असं दारू सुटायचं औषध आहे का?" इतक्यांदा ऐकलंय की आता एक हकीकत लिहूनच काढते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानेवाड्याकडून आलेली ही बाई पस्तिशीची. नवरा हिंगण्याला एमआयडीसीत मशीनवर. पर्समधून कागदात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी काढून तिनं टेबलावर ठेवली. डायसल्फिराम. ओळखीतून मिळवलेली.

"दिली का?"

"नाही जी. हिंमतच नाही झाली."

बरं झालं नाही झाली. शरीरात दारूचं आधी एका विषारी रसायनात रूपांतर होतं आणि मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. वरून दारू गेली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माणसाला माहीत असेल, त्याची तयारी असेल आणि डॉक्टरांचं लक्ष असेल, तरच ती कामाची. चोरून दिली आणि त्याला कळलं, तर घरच्या ताटावरचाही विश्वास जातो.

"मग शपथ घालू का? मागच्या वर्षी कोराडीच्या देवीची घातली होती. तिसऱ्या दिवशी ह्यांना भिंतीवर मुंग्या दिसून राहिल्या. सासूबाई म्हणे, बाहेरचं आहे. अर्धा पव्वा पाजला तेव्हा शांत झाले."

बाहेरचं काही नव्हतं. रोजच्या दारूला सरावलेल्या शरीराची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. मग दोन-तीन दिवसांनी भास, घाम, भ्रम. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत. लोक याला इच्छाशक्तीची परीक्षा समजतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

हे सगळं तिनं ऐकलं, पण नजर त्या पट्टीवरच. मी विषय बदलला.

"सोमवारी ते कामावर जात नाहीत, तेव्हा कंपनीत फोन कोण करतं?"

"मीच."

"काय सांगता?"

"ताप आहे म्हणते. कधी जुलाब. कधी मामाची मयत..." ती बोटांवर मोजत होती, ती मधेच थांबली. "मॅडम, एक मामा तर मी दोनदा मारला." आणि ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बोलले काहीच नाही. डोळे पुसून तीच म्हणाली, "म्हणजे पितात ते, आणि निस्तरून मी राहिली."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर सल्ला ठरलं असतं. तिच्या तोंडून आलं, म्हणून ते टिकलं. रुग्ण समोर नसताना काय काम करणार, असं बऱ्याच सहकाऱ्यांना वाटतं. मला नाही वाटत. पिणाऱ्याचे चटके जोवर दुसरं कोणी सोसतं, तोवर त्याला पिणं महाग पडत नाही. घरातल्या एकानं झाकपाक थांबवली की हालचाल सुरू होते. हे मी अनेक घरांत पाहिलंय, आणि त्या पाहण्यावर माझा भरवसा आहे. यात बायकोचा दोष नाही. नवऱ्याचा आजार तिनं आणलेला नसतो. अट एकच: घरात मारहाण असेल तर असले प्रयोग नकोत, आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन आणि सुरक्षित जागा.

पुढच्या सोमवारी तिनं मोबाइल नवऱ्याच्या उशाशी ठेवला. "तुम्हीच सांगा साहेबांना." आदळआपट झाली, सासू चिडली. काही आठवड्यांनी साहेबांनी लेखी तंबी दिली आणि तो स्वतः आला. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाला, "ही म्हणते म्हणून आलो. मी काही बेवडा नाही."

मी वाद घातला नाही. विचारलं, "सकाळचा चहा कसा पिता?"

त्यानं हात मांड्यांखाली दाबले. मग म्हणाला, "दोन हातांनी धरतो. तरी सांडते."

त्याच आठवड्यात तो मानसोपचार वॉर्डात दाखल झाला. गोळ्या, थायमिनची म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, नंतर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका. ती अल-अनॉनला जायला लागली. ते घरच्यांसाठी असतं. तान्ह्या पोळ्याला तो घसरला. घसरणं या आजारात धरूनच चालावं, त्यानं सगळं पाण्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्याचा, तिचा नव्हे. "मॅडम, काल घेतली. कधी येऊ?"

कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीतही जाता येतं. तो तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जा.