‘अप्रभावी’ आहे, तर मग त्रास कशाचा?

पांढरकवड्याकडच्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीत नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचं जनुक बाळगणारे. घरी समजावताना ताईंनी शाळेच्या पुस्तकातला शब्द वापरला : सिकलसेलचं जनुक अप्रभावी असतं. त्यावर घरातल्या आजीबाई म्हणाल्या, “अप्रभावी हाये म्हणता, मंग पोराले तरास कायचा?” हा शब्द चुकीचा आहे का? आणि फलकावर ‘आनुवंशिक’ लिहायचं की ‘अनुवांशिक’?

ताई, आजीबाईंची शंका रास्त आहे. फवारणी अप्रभावी ठरली, असं आपण म्हणतो तेव्हा बोंडअळी मेली नाही, औषध वाया गेलं, हाच अर्थ असतो. जनुकाला तो अर्थ लावला की घोटाळा होतो. प्रत्येक जनुकाच्या सहसा दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची आणि एक बापाची. ‘अप्रभावी’ हा शब्द त्या जोडीपुरता आहे. जोडीला निरोगी प्रत असेल तर सिकलसेलच्या प्रतीचा आजार दिसत नाही. दोन्ही प्रती सिकलसेलच्याच आल्या, तर तोच आजार पुऱ्या जोराने येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग ठणकतं. वाहकाच्या रक्तातही सिकलसेलचं हिमोग्लोबिन तयार होतच असतं, म्हणून तर ते तपासणीत सापडतं. त्या जनुकाला निकामी कसं म्हणणार?

वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने 1866 साली छापलेल्या निबंधात ‘अप्रभावी’साठी जो शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ ‘मागे सरणारा’ असा आहे. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. पुढच्या पिढीत मात्र 5,474 गोल दाण्यांबरोबर 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे साधारण तिनास एक. सुरकुती एक पिढी मागे सरली होती, मेली नव्हती. ‘अप्रभावी’ या शब्दात हे परत येणं हरवतं, अशी माझी तक्रार आहे. पावसाने दडी मारली, असं आपल्याकडे म्हणतात तेव्हा तो पुन्हा येणार हे त्यातच आलं. म्हणून पुस्तकात ‘अप्रभावी’ राहू द्या, पण घरात बोलताना ‘दडलेलं जनुक’ किंवा ‘दबून राहिलेलं’ म्हणा. नात आजीवर गेली, असं म्हणणाऱ्या घराला ते लगेच उमगेल.

बीजांड आणि शुक्राणू ज्या पेशीविभाजनातून तयार होतात त्याच्या ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ या नावानेही अशीच फसगत होते. गुण अर्धे होतात, असं कित्येकांना वाटतं. फोड ‘अर्ध + गुणसूत्र’ अशी आहे; गुणसूत्र म्हणजे पेशीतला जनुकं वाहून नेणारा धागा. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या सुटतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. वाहक आईकडून सिकलसेलची प्रत जाण्याची शक्यता त्यामुळे निम्मी, वाहक बापाकडूनही निम्मी. दोन्हीकडून तीच येण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे 25 टक्के. वाहक होण्याची 50 टक्के, पूर्ण निरोगी असण्याची उरलेली 25 टक्के.

इथे एक कळकळीची विनंती. ‘चारांत एक’ असं नुसतं सांगू नका. एक लेकरू आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब लोक मांडतात. शक्यता दर गरोदरपणात नव्याने तेवढीच असते, म्हणून “दर खेपेला” हे दोन शब्द जोडाच. आणि वाहकाला ‘पेशंट’ म्हणू नका. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी तो शब्द फार महागात पडतो.

फलकावर ‘आनुवंशिक’ लिहा. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागला की पहिल्या ‘अ’चा ‘आ’ होतो, मधला ‘वं’ तसाच राहतो.