मुलींच्या शाळेत जीसीएसईला ड्रामा घ्यावा का?

तुमची कन्या इंग्लंडमधील मुलींच्या माध्यमिक शाळेत इयर नाइनमध्ये (वय तेरा-चौदा) आहे आणि तिला जीसीएसईसाठी, म्हणजे तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेसाठी, ड्रामा घ्यायचा आहे. हा विषय अभ्यासाचा आहे की नुसत्या हौसेचा, आणि मुलगेच नसतील तर नाटक अर्धेच शिकले जाणार नाही का, असे तुम्ही विचारले आहे. मी अशाच एका शाळेत हा विषय शिकवते आणि पालकसभेत हे दोन्ही प्रश्न मला हमखास विचारले जातात.

पहिल्याचे उत्तर गुणांच्या विभागणीत आहे. एक्यूए आणि एडएक्सेल या दोन्ही परीक्षा मंडळांत लेखी परीक्षेला 40 टक्के, विद्यार्थिनींनी गटात स्वतः रचलेल्या नाटकाला 40 टक्के आणि छापील संहितेतील प्रवेशांच्या सादरीकरणाला 20 टक्के भार असतो. त्यातही स्वरचित नाटकाचे तीन चतुर्थांश गुण ते कसे घडत गेले, कोणता निर्णय का घेतला आणि तो कितपत साधला, याच्या नोंदवहीला मिळतात. हिशेब केला तर प्रत्यक्ष सादरीकरणाच्या वाट्याला शंभरातले सुमारे तीसच गुण येतात. स्नेहसंमेलनात टाळ्या घेणारी मुलगी नोंदवहीचा कंटाळा करून मागे पडते आणि अबोल मुलगी पुढे निघून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय अभिनय केलाच पाहिजे असेही नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य किंवा वेशभूषा घेऊनही परीक्षा देता येते.

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. बालगंधर्वांचे कौतुक ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ती पडावी, याचे थोडे नवलही वाटते. शेक्सपिअरची ज्युलिएटसुद्धा मुळात एका मुलानेच उभी केली होती, कारण 1660 पर्यंत इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांना जागाच नव्हती. याच्या उलट, 2012 साली लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहात दिग्दर्शिका फिलिडा लॉइड यांनी ‘ज्युलियस सीझर’ केवळ स्त्रियांना घेऊन, स्त्रियांच्या तुरुंगात घडते आहे अशा कल्पनेने बसवले आणि हॅरिएट वॉल्टर यांनी त्यात ब्रूटस साकारला. परीक्षा मंडळेही पात्र आणि विद्यार्थी यांचे लिंग जुळावे, अशी अट घालत नाहीत.

वर्गात हे कसे घडते, याचे एक उदाहरण देते. स्वरचित नाटकासाठी एका गटाला पहिल्या महायुद्धातील दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र दिले होते. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्या स्त्रियांची कातडी पिवळी पडत असे आणि लोक त्यांना कॅनरी पक्ष्याच्या नावाने ओळखत. नाटकात एक मुकादम हवा होता. ती भूमिका करणाऱ्या मुलीने आधी मिशी लावली, आवाज घोगरा केला, पाय फाकवून चालून दाखवले, आणि सगळ्या हसल्या. मग या माणसाकडे कोणता अधिकार आहे आणि तो अधिकार त्याच्या हालचालीत कुठे दिसतो, असा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. मिशी गेली. ती एकाच जागी उभी राहून घड्याळाकडे पाहू लागली आणि तिच्या नजरेबरोबर बाकीच्या कामगारांच्या हातांचा वेग बदलू लागला. मुलगे असते तर ही भूमिका बहुधा त्यांच्यापैकी कुणाकडे गेली असती आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. पडद्यामागेही तेच होते. दिवे टांगायला, लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) उचलायला आणि साउंड डेस्क चालवायला मुलीच असतात, त्यामुळे त्या कामांना कुणी मुलांची कामे समजत नाही.

अडचण खरी आहे ती वेळेची. प्रयोग जवळ आला की शाळा सुटल्यानंतरच्या तालमी वाढतात आणि गटातील एकीने दांडी मारली तरी सगळ्यांचा खोळंबा होतो. पुढे वैद्यकीय शाखेकडे जायचे असले, तरी जीसीएसईला ड्रामा असणे आड येत नाही; मात्र ईबॅक, म्हणजे सरकारने शाळांसाठी ठरवलेल्या मुख्य विषयांच्या गटात, तो धरला गेलेला नाही, म्हणून इतिहास किंवा भूगोल आणि एक भाषा घेऊन मग त्याला जागा उरते का, ते पाहावे.

अर्ज भरण्यापूर्वी शाळेला तीन गोष्टी विचारा: परीक्षा मंडळ कोणते आहे, प्रकाश किंवा ध्वनी घेणाऱ्या मुलीला शिकवण्याइतकी साधने आहेत का, आणि निवडीच्या तक्त्यात ड्रामा कोणत्या विषयासमोर ठेवला आहे, म्हणजे तो घेतला तर कोणता विषय सोडावा लागेल. आणि कन्येला एवढेच विचारा की, पाहिलेल्या नाटकावर दोन पाने लिहायला तिला आवडेल का.