वाचक विचारतात: बॉस्टनला गेलेली आत्या कशी शोधायची?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्न झाल्यापासून म्हणजे नऊ वर्षं आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. नवरा आयरिश, सासूबाई मेयो काउंटीतल्या. सासूबाईंच्या वडिलांची मोठी बहीण, म्हणजे त्यांची आत्या, १९०९ च्या सुमारास बॉस्टनला गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दर ख्रिसमसला पत्र यायचं, पत्रात डॉलर असायचे. १९३४-३५ नंतर पत्रं बंद झाली. तिचं लग्न झालं होतं म्हणतात पण सासरचं आडनाव कुणालाच आठवत नाही. घरात तिचा एक फोटो तेवढा आहे. सासूबाई आता ८२ वर्षांच्या आहेत, परवा म्हणाल्या, तिला कुठं पुरलंय एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. मी दोन महिने ऑनलाइन शोधतेय, त्या नावाच्या बॉस्टनमध्ये चाळीसेक बायका निघतात. कुठून सुरुवात करू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंचं वय बघता हे काम लांबणीवर टाकायचं नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, बॉस्टन सध्या बाजूला ठेवा. चाळीस बायका निघतात त्याचं कारणच हे की तुम्ही नावावरून शोधताय, आणि मेयोतली नावं म्हणजे दर घरात तीच पाच-सात. त्यात एकाच बाईची नावंही बदलत राहतात, तिकडे ब्रिजेट नावाची मुलगी अमेरिकेत डेलिया किंवा बेडेलिया होते, होनोरा असेल तर नोरा होते नाहीतर हॅना होते, आडनावाच्या सुरुवातीचा ओ कधी असतो कधी गळतो. त्यामुळे नावावर भरवसा ठेवू नका. तिच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव आणि सगळी भावंडं, एवढं आधी गोळा करा, कारण एका नावाच्या चाळीस बायका असतील पण तेच वडील, तीच आई आणि तीच भावंडं असलेल्या चाळीस नसतात.

आणि हे गोळा करायला तुम्ही अगदी योग्य जागी बसलाय. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची पानं नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट बघता येतात, नुसती यादी नाही, घरच्या माणसांच्या माहितीचा तो मूळ फॉर्मच दिसतो. (त्याआधीच्या फारशा उरल्याच नाहीत, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेल्या आणि काही सरकारनेच रद्दीत काढल्या, त्यामुळे १८९१ ची का सापडत नाही म्हणून वेळ घालवू नका.) तुम्ही टाउनलँडचं नाव दिलंय (इथे ते छापलेलं नाही) म्हणून मी ते १९११ चं पान उघडून बघितलं. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी समजा, काही ठिकाणी तर पाच-सहाच घरं. तर त्या पानावर आत्याच्या आईच्या ओळीत उजवीकडे दोन आकडे आहेत, १० आणि ९. त्या वर्षीच्या जनगणनेत विवाहित बायकांना विचारलं होतं, किती मुलं जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. म्हणजे दहा झाली, नऊ हयात. आणि त्या रात्री घरात मुलं किती? चार. बाकीची पाच कुठंतरी होती, आणि ती आहेत हे त्या माउलीने फॉर्मवर मांडून ठेवलं. मी ते पान बराच वेळ बघत बसले होते.

आता ती पाच कोण हे काढा. १९०१ च्या पानावर त्यातली बहुतेक लहान असताना दिसतील. बाकीची नावं आयरिशजीनियॉलॉजी या सरकारी साइटवर जन्मनोंदणीत मिळतील, १८६४ पासूनचे जन्म तिथे आहेत, मूळ रजिस्टरच्या पानाचा फोटोही उघडतो आणि आईचं माहेरचं आडनावही तिथंच लिहिलेलं असतं. हे मी एवढं घोळून सांगतेय कारण आयर्लंडहून बॉस्टनला जाणारी पोरगी सहसा आपल्या पैशाने जायची नाही. आधी गेलेली बहीण तिकडून तिकीट पाठवायची, मग ही जायची, कमवायची आणि धाकटीचं तिकीट पाठवायची. युरोपातल्या बाकी देशांतून पुरुषच जास्त जायचे, आयर्लंडमधून मात्र निम्म्याच्या आसपास बायका, आणि त्यातल्या कितीतरी लग्नाआधी एकट्या. घरातून निघायच्या आदल्या रात्री लोक जमायचे, गाणी व्हायची, रडणंही व्हायचं, त्याला अमेरिकन वेक म्हणायचे, वेक म्हणजे मयताच्या घरी रात्रभर बसणं. जी गेली ती परत दिसायची नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंना विचारा, त्यांनी वडिलांकडून आत्याच्या त्या रात्रीबद्दल काही ऐकलंय का, आणि जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, मग नंतर करू म्हणू नका.

मग जहाजाची यादी. १९०७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांच्या यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता लिहायचे, म्हणजे आत्याच्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव आणि गाव असायला हवं. तिकिटाचे पैसे कोणी भरले, हातात किती पैसे आहेत, तिथं कोणाकडे जाणार आणि कुठल्या पत्त्यावर, हेही असतं. उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंगसुद्धा. सासूबाईंनी आत्याला पाहिलेलं नाही ना, त्यांना ती ओळ नक्की वाचून दाखवा. त्या वेळी क्युनार्ड कंपनीची इव्हर्निया आणि सॅक्सोनिया ही जहाजं लिव्हरपूलहून निघून क्वीन्सटाउनला, म्हणजे आजच्या कोव्हला थांबून बॉस्टनला जायची, तिथून सुरुवात करा, पण न्यूयॉर्कला उतरून ट्रेनने बॉस्टन गाठणारेही होते त्यामुळे एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात बाहेरून येणाऱ्यांची नोंद व्हायची त्या ठाण्याच्या यादीतही बघा. फॅमिलीसर्च या साइटवर हे फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं.

यादीत "बहिणीकडे" असं आलं की त्या पत्त्यावर १९१० च्या अमेरिकन जनगणनेत कोण राहतं ते बघा. तिथं न सापडली तर बॅक बे, बीकन हिल, ब्रुकलाइन इकडच्या श्रीमंत घरांमध्ये शोधा, बऱ्याच आयरिश मुली घरकामाला लागायच्या आणि तिथंच राहायच्या, त्यामुळे नोंद मालकाच्या कुटुंबाखाली, सगळ्यात शेवटच्या ओळीला सापडते.

लग्नाचं कोडं मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये सुटू शकतं आणि याबाबतीत तुम्ही नशीबवान आहात. त्या राज्यात लग्नाच्या नोंदी १८४१ पासून राज्य पातळीवर आहेत आणि त्यात नवरीच्या वडिलांचं नाव आणि आईचं माहेरच्या आडनावासकट नाव असतं. तर सर्च करताना आत्याचं नाव रिकामंच सोडा, फक्त आईवडिलांची दोन नावं टाका. एका झटक्यात जितक्या भावंडांची लग्नं तिकडे झाली तितकी वर येतील. साक्षीदारांची नावंही हवी असतील तर चर्चचं रजिस्टर बघावं लागेल, बॉस्टनच्या कॅथलिक आर्चडायोसिसची जुनी रजिस्टरं अमेरिकन अ‍ॅन्सेस्टर्सच्या साइटवर चढवलेली आहेत, लॅटिनमध्ये लिहिलेली असतात पण नावं ओळखता येतात.

सासरचं आडनाव मिळालं की मृत्यूचा दाखला मागवा. त्यावर आईवडिलांची नावं असतात आणि कुठल्या सिमेट्रीत नेलं तेही. सासूबाईंना हवंय ते उत्तर तिथं आहे. माल्डनचं होली क्रॉस, मॅटापॅनचं न्यू कॅल्व्हरी, वेस्ट रॉक्सबरीचं सेंट जोसेफ, बॉस्टनच्या आयरिश कुटुंबांची माणसं या ठिकाणी फार आहेत. दाखला हातात आला की सिमेट्रीच्या ऑफिसला नाव आणि तारीख देऊन विचारा, कबरीवर दगड नसला तरी प्लॉटचा नंबर त्यांच्या रजिस्टरला असतो, आणि त्याच प्लॉटमध्ये अजून कोण आहे तेही आवर्जून विचारा.

एक कळकळीची विनंती, आईवडिलांची नावं जुळल्याशिवाय सासूबाईंना "सापडली" असं सांगू नका. मी एका मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी रॉक्सबरीतल्या एका बाईच्या मागे चार महिने होते, नाव जुळलं, वय जुळलं, काउंटीही जुळली, घरच्यांना सांगूनही झालं आणि मग दाखल्यावर आईचं आडनाव वेगळंच निघालं, त्या घरातल्या म्हातारबाबांचा चेहरा मला अजून आठवतो. हे मोठ्यांच्या बाबतीतही झालंय. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं तेव्हा पहिली उतरलेली अ‍ॅनी मूर, कॉर्कची मुलगी, तिचे पुतळे आहेत कोव्हला आणि तिकडेही. कित्येक वर्षं सगळे मानत होते की ती टेक्ससला गेली आणि तिथंच वारली. २००६ मध्ये उघड झालं की टेक्ससची अ‍ॅनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली दुसरीच बाई, आणि खरी अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कुठंच गेली नव्हती, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला राहिली, १९२४ ला वारली, क्वीन्सच्या कॅल्व्हरी सिमेट्रीत आहे.

फोटोबद्दल राहिलंच. तो फ्रेममधून हलक्या हाताने काढा आणि खालचा पुठ्ठा बघा, स्टुडिओचं नाव आणि रस्ता उठवलेला असतो. बॉस्टनच्या जुन्या सिटी डिरेक्टरीत तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कुठल्या वर्षी होता ते मिळतं, त्यावरून फोटोचा काळ कळतो. बोटात अंगठी आहे का तेही बघा. आणि डीएनए टेस्ट करायचं ठरलं तर ती सासूबाईंची करा, नवऱ्याची नको, कारण आत्याची मुलं ही त्यांची सख्खी आतेभावंडं, पिढी खाली आली की जुळणारा भाग निम्म्यावर येतो. अ‍ॅन्सेस्ट्री या कंपनीकडे अमेरिकन लोक सगळ्यात जास्त आहेत म्हणून तिथली घ्या. पण आधी त्यांना नीट समजावून सांगा, कारण अशा टेस्टमधून घरातल्या न सांगितलेल्या गोष्टीही वर येतात, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथंच सोडा.

प्रश्न: माझा जावई न्यूयॉर्कचा, आयरिश वंशाचा. त्याचे पूर्वज १८५१ मध्ये दुष्काळातून आले पण गाव माहीत नाही. एलिस आयलंडच्या यादीत काहीच सापडत नाही. (ठाणे)

उत्तर: सापडणार नाही काका, एलिस आयलंड त्यानंतर चाळीस वर्षांनी सुरू झालं, त्याआधीचं न्यूयॉर्कचं ठाणं, कॅसल गार्डन, तेसुद्धा १८५५ चं. १८५१ च्या जहाजाच्या यादीत नाव, वय आणि धंदा असतो, गावाच्या जागी नुसतं "आयर्लंड" लिहिलेलं. म्हणून दोन दुसऱ्या ठिकाणी बघा. एक, बॉस्टनचं द पायलट हे वर्तमानपत्र, त्यात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, माणूस कुठल्या काउंटीचा, कुठल्या पॅरिशचा (म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतला), शेवटचा कुठं दिसला, हे सगळं त्यात, आणि जाहिराती फक्त बॉस्टनच्या लोकांच्या नाहीत, न्यूयॉर्कचेही भरपूर. दुसरं, न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक, १८५० ची. खातेदार खरा कोण हे ओळखायला कारकून त्याला घरची माहिती विचारून वहीत लिहून ठेवायचा, बऱ्याच जणांच्या नोंदीत गाव, जहाज, आईवडील हयात आहेत का, भावंडं कुठं आहेत, असं सगळं आहे. त्या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. जावयाकडून पूर्वजाच्या बायकोचं माहेरचं आडनाव तेवढं आधी मिळवा, त्याशिवाय त्या वहीत एकाच नावाचे दहा खातेदार समोर आले तर तुमचा कुठला हे ठरवता येणार नाही.