घराच्या भिंतीतल्या बारीक काळ्या माश्या औषध मारून घालवू का?

भिंतीच्या भोकातून डासाएवढ्या काळ्या माश्या ये-जा करतात, तोंडाशी मेणाची नळी आहे, असं तुम्ही लिहिलंय. औषध मारू नका. ही पोयाची माशी, म्हणजे एक इवलीशी मधमाशीच. तिची नांगी नावापुरती, डंख होत नाही. फारच छेडलंत तर केसांत शिरते, चिमटे काढते, चिकट डीक लावते, एवढंच.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत अशी तीन बिऱ्हाडं होती. आजी नळीकडे बघून त्यांची खबर सांगायची. तोंड मऊ, चिकट आणि आतून दोन-चार माश्या पहाऱ्याला डोकावत असल्या की घर भरलेलं. नळी वाळून ठिसूळ झाली, कोळ्याने तिच्यावर जाळं धरलं की बिऱ्हाड गेलं. ती नळी मेण आणि झाडांचा डीक कालवून बांधलेली असते. आत नेहमीचं पोळं नाही, घोसासारखी इवलीशी मडकी असतात. मधाची वेगळी, अंड्यांची वेगळी. त्यामुळे जपून काढलं तर पिल्लावळीला धक्का न लावता मध मिळतो. मिळतो म्हणजे वर्षाला काहीशे ग्रॅम, पातळ आणि आंबटसर. आजी खोकल्याला चमचाभर द्यायची. डोळ्यांत घालायचीही चाल होती, ते मात्र करू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध नको.

जुनी माणसं फार जपणारी होती असंही नाही हं. रानात पोकळ झाड कुऱ्हाडीने फोडून मध नेणारे आमच्यातलेच. पण आता घात करतो तो गिलावा. एका वर्षी चवथीआधी घर रंगवायला काढलं आणि मी कामावर असताना गवंड्याने दोन भोकं सिमेंटने बुजवली. बाहेर राहिलेल्या माश्या चार-पाच दिवस त्याच जागी घिरट्या घालत होत्या.

तुम्हाला गिलावा करायचाच असेल तर आधी नळीवर बोटभर जाडीचा पाईप बसवा. दुसरं टोक लहान लाकडी पेटीत सोडा, पेटीला बाहेर पडायला एक भोक ठेवा आणि जुन्या नळीचं थोडं मेण त्या भोकाभोवती चोपडा, म्हणजे माश्यांना वाट ओळखू येते. मग पाईपभोवती खुशाल गिलावा होऊ दे. काही महिन्यांनी त्या पेटीत मडकी बांधतील, नाहीतर नुसती वाट म्हणून वापरतील. पेटी मात्र तिथून हलवू नका, बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात. पाईप नसेल तर बांबूचं पोकळ पेरही चालतं.