दोन क्यूबिट जोडायचे ठीक, पण सोडवायचे कसे?

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्वांटम कॉम्प्युटरच्या बातम्यांत क्यूबिट (क्वांटम बिट) किती एवढंच सांगतात, मग गूगल, आयबीएमवाले दोन क्यूबिटच्या मधे ट्युनेबल कपलर (जोडणी कमीजास्त करता येणारा दुवा) कशाला घालतात? थेट जोडले तर बिघडतं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोनच क्यूबिट असतील तर फारसं काही बिघडत नाही! गेट (क्यूबिटवरची एक क्रिया) करायला दोघांचा संबंध यावाच लागतो, भानगड होते ती गेट संपल्यावर, कारण दोघांना जोडणारा चिपवरचा कपॅसिटर काही काढून ठेवता येत नाही, तो तिथेच असतो आणि शेजाऱ्याची अवस्था बदलली की आपल्या क्यूबिटची फ्रिक्वेन्सी जराशी सरकते, यालाच झेडझेड क्रॉसटॉक म्हणतात. शंभर क्यूबिटमधे याचा नुसता गोंधळ होतो.

2018 मधे एमआयटीच्या टीमने मांडलेली रचना मला तरी भारी वाटते. दोन ट्रान्समॉन (सुपरकंडक्टिंग सर्किटचे) क्यूबिट, मधे कपलर म्हणून तिसरा ट्रान्समॉन, त्यात दोन जोसेफसन जंक्शनची (सुपरकंडक्टरमधे पातळ इन्सुलेटर घातलेल्या सांध्यांची) छोटीशी रिंग म्हणजे स्क्विड. शेजारच्या लाइनमधून करंट सोडला की रिंगमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) बदलतो आणि कपलरची फ्रिक्वेन्सी वरखाली होते. आता दोन क्यूबिटमधे दोन वाटा झाल्या, एक थेट आणि एक कपलरमधून, आणि कपलर क्यूबिटपेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीला ठेवला की दोन्हींची चिन्हं उलटी येतात, एका ठरावीक जागी बेरीज शून्य. म्हणजे काहीही न तोडता कनेक्शन बंद! गेट हवं तेव्हा कपलर खाली आणायचा, काही नॅनोसेकंदांत परत वर.

गूगलच्या 2019 च्या सिकॅमोर चिपमधे दोन क्यूबिटचं गेट 12 नॅनोसेकंदांत व्हायचं. तिथे चालू क्यूबिट 53 आणि कपलर 86, म्हणजे कपलरच जास्त, हे बातम्यांत कोण सांगतं? आयबीएमच्या 127 क्यूबिटच्या ईगल चिपमधे जोडणी फिक्स्डच होती, 2023 च्या हेरॉन चिपमधे तेही ट्युनेबल कपलरवर आले.

फुकट मात्र काही नाही. प्रत्येक कपलरला स्वतःची फ्लक्स लाइन, ती 10-20 मिलिकेल्विनपर्यंत थंड केलेल्या फ्रीजमधे न्यायची, तिच्यातून नॉइज येतो, उष्णता येते. हजारो क्यूबिट करायचे तर माझ्या मते खरी डोकेदुखी ही वायरिंगच आहे.

आणि हो, मुंबईला गेलात तर कुलाब्याच्या टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) डोकावता येतं का बघा. 2024 मधे तिथे टीआयएफआर आणि डीआरडीओच्या पुण्याच्या लॅबने, टीसीएसच्या साथीने, 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची टेस्टिंग पूर्ण केली. तिथली रचना रिंग रेझोनेटरची (ठरावीक फ्रिक्वेन्सीला कंप पावणाऱ्या गोल सर्किटची) आहे, टीआयएफआरमधेच शोधलेली.